नळीला भोक पाडलेली बंदूक

कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा परेडला आमच्या हातात एक रायफल यायची. वजन चार किलोच्या आसपास, लाकूड तेल पिऊन काळपट झालेलं, आणि नळीला, जिथे काडतूस बसतं नेमकं त्याच जागी, पाडलेलं एक भोक. तिला ‘डीपी’ म्हणायचे. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, नुसती कवायतीची. उन्हात तासभर ‘बाजू शस्त्र’ करून खांदा उतरला आणि सुभेदारसाहेबांची पाठ वळली, की आम्ही त्या भोकात काडी घालून बघायचो. ही बंदूक कुणाला मारू शकत नाही याची ती खात्री होती. तिचं नाव मात्र दरारा वाटावा असं : थ्री-नॉट-थ्री.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका छायाचित्रात ती पुन्हा भेटली. क्षितिजापर्यंत बर्फ, एक घसरगाडी, टोपीचा लाल स्वेटर घातलेला एक माणूस आणि त्याच्या पाठीवर तीच रायफल. तोच बोल्ट, तोच बुटका दहा गोळ्यांचा मॅगझिन. फक्त नळीला भोक नव्हतं. तो माणूस कॅनडाच्या उत्तर टोकाचा होता आणि त्या रायफलीने घरच्यांसाठी मांस आणत होता. एका घराण्यातल्या दोन बहिणी. एकीला आमच्या मैदानावर वांझ करून ठेवलेलं, दुसरी तिकडे घर चालवतेय. हे असं का झालं, या प्रश्नाने या लेखाची सुरुवात झाली.

‘.३०३’ हा नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा, इंचात मोजलेला. मिलिमीटरमध्ये साधारण ७.७. रायफलीचं खरं नाव ली-एनफिल्ड. ‘एनफिल्ड’ हे लंडनच्या उत्तरेकडचं गाव, जिथे सरकारी शस्त्रकारखाना होता, आणि ‘ली’ म्हणजे जेम्स पॅरिस ली. हा जन्माने स्कॉटिश, पण वाढला कॅनडात, म्हणजे ही रायफल पुढे ज्या देशात मुरली तो तिचं आजोळच म्हणायला हरकत नाही. लीने काढलेला बोल्ट आखूड हालचालीचा आणि झटपट चालणारा. १८९५ मध्ये ली-एनफिल्ड ब्रिटिश सैन्यात आली आणि दोन महायुद्धं तिने अंगावर घेतली. सगळे प्रकार धरून १ कोटी ७० लाखांच्या वर बनल्या, असं सांगितलं जातं. इंग्लंडात बनल्या, ऑस्ट्रेलियात बनल्या, बंगालमधल्या ईशापूरला बनल्या. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्याने एकट्याने नऊ लाखांवर काढल्या.

मग युद्ध संपलं, आणि जगभरच्या कोठारांत तेल फासलेल्या, मेणकागदात गुंडाळलेल्या लाखो रायफली उरल्या. सैन्यांना आता स्वयंचलित हत्यारं हवी होती. जुनी वितळवायची तर खर्च, ठेवायची तर राखण. अशा वेळी सरकारं जे करतात ते त्यांनी केलं : भंगाराच्या भावाने विकून टाकलं. अमेरिकेत सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या एका माणसाने १९५३ मध्ये ‘इंटरआर्मको’ ही कंपनी काढून देशोदेशींची कोठारं घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली. जो देश हत्यारं बदलायचा त्याच्या दारात हा हजर. तिथून त्या रायफली किरकोळ दुकानांत आणि टपालाने माल पाठवणाऱ्यांच्या जाहिरातींत यायच्या. नव्या शिकारी रायफलीला जिथे भरभक्कम पैसे मोजावे लागत, तिथे लष्करातून उतरलेली थोड्याशा डॉलरांत मिळायची. कॅनडातल्या लाकूडतोड्याने, प्रेअरीवरच्या शेतकऱ्याने, नुकत्याच सैन्यातून परतलेल्या पोराने ती घेतली. थंडीच्या तोंडाशी एखादं मूस हरीण पाडलं की घराला वसंतापर्यंत पुरेल एवढं मांस होतं. त्या रायफलीची किंमत पहिल्याच हंगामात वसूल.

पण सैनिकाची रायफल शिकाऱ्याला जशीच्या तशी चालत नाही. सैनिकाला तिच्या टोकाला संगीन लावायची असते, तापलेल्या नळीचा चटका हाताला बसू नये म्हणून पूर्ण नळीवर लाकडाचं आवरण हवं असतं, दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेलं नेमपान हवं असतं. शिकारी डोंगर चढणार, झुडपातून वाट काढणार, आणि शंभर-दीडशे पावलांवरून एकच बार टाकणार. मग गॅरेजात करवत निघाली. पुढचं लाकूड निम्म्यावर कापलं, संगिनीचा खुंट घासून टाकला, नळी दोन-चार इंच छाटली, वर दुर्बीण बसवली. बर्मिंगहॅमची पार्कर-हेल कंपनी हेच काम सफाईदारपणे करून विकायची. घरच्या घरी हेंगाड्या हाताने केलं की अमेरिकन लोक त्या कारागिराला ‘बब्बा’ म्हणतात. आपल्या ‘गावठी’ शब्दात जेवढी चेष्टा आहे तेवढीच त्यात. आज उलटं झालंय. न कापलेली, मूळ लाकडातली ली-एनफिल्ड संग्राहक चढ्या भावाने घेतात आणि कापलेली बघून हळहळतात. मला मात्र त्या करवतीबद्दल राग येत नाही. ज्याने ती चालवली त्याला इतिहास जपायचा नव्हता, थंडीआधी फ्रीजर भरायचा होता.

खरी अडचण लाकडात नव्हतीच, काडतुसात होती.

युद्धातली गोळी आणि शिकारीतली गोळी यांचा धर्मच वेगळा. सैनिकी गोळीचं शिसं तांब्या-निकेलच्या कठीण आवरणात पूर्ण झाकलेलं असतं. ती अंगातून आरपार जाते. शिकारी गोळीचं टोक उघडं ठेवतात, म्हणजे मऊ शिसं आत शिरताच फुलतं, रुंद जखम करतं आणि जनावर जागेवर पडतं. ते तडफडत, रक्त सांडत मैलोन्‌मैल जात नाही. म्हणून अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत आणि कॅनडाच्या अनेक प्रांतांत मोठ्या जनावरावर पूर्ण आवरणाची लष्करी गोळी झाडायला कायद्याने बंदी आहे. आणि युद्धात? तिथे नेमकी फुलणाऱ्या गोळीवर बंदी आहे, १८९९ च्या हेग परिषदेपासून. हरणावर जी झाडलीच पाहिजे ती माणसावर झाडायची नाही. जी माणसावर चालते ती हरणावर चालवलीत तर दंड. दोन्ही नियमांमागे दयाच आहे, हे मला पटायला थोडा वेळ लागला. शिकारी जनावर मारायलाच आलेला असतो, तेव्हा ते लवकर मरावं ही दया. सैनिकाला मात्र समोरच्याला लढाईतून बाद करायचं असतं, तो जखमी होऊन जगला तरी काम झालं.

आणि या सगळ्या भानगडीला नाव आपल्याकडचं आहे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिश सैनिकांची तक्रार होती की नव्या .३०३ ची गोळी अंगातून जाते पण धावून येणारा माणूस थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकाचं आवरण थोडं काढून शिसं उघडं ठेवलं. वायव्य सरहद्दीवर टोळीवाल्यांवर ती वापरली गेली. ‘दमदम गोळी’ हा शब्द जगभरच्या भाषांत गेला आणि राष्ट्रं हेगला बसली तेव्हा तिच्यावरही चर्चा झाली. नंतरच्या ‘मार्क सेव्हन’ गोळीत ब्रिटिशांनी आवरण पूर्ण ठेवलं, पण टोकाच्या आत शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा भरला. पुढचं टोक हलकं, मागचं जड, त्यामुळे गोळी शरीरात शिरली की कोलांटी खायची. कायद्याचं अक्षर पाळलं. हेतूचं काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

जुनी लष्करी काडतुसं स्वस्त, शिकारीची महाग. मग काही चतुर लोक लष्करी गोळीचं टोक कानशीने घासून घरीच ‘दमदम’ करायचे. हा फार धोकादायक उद्योग. मार्क सेव्हन गोळीचं आवरण बुडाशी उघडं असतं. पुढूनही उघडं केलं की ते दोन्हीकडून उघड्या नळकांड्यासारखं होतं. बार उडाला की शिसं पुढे निघून जातं आणि आवरण नळीत अडकून राहू शकतं. ते बाहेरून दिसत नाही. पुढच्या बाराला नळी फुटते. चेहरा बोल्टच्या मागेच असतो.

दुसरं दुखणं गंजाचं. जुन्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत एक क्षार उरतो, जवळपास आपल्या मिठासारखाच, हवेतला ओलावा ओढून घेणारा. रात्रीत नळी गंजते. तेलाने तो निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. उपाय जुन्या सैनिकांना ठाऊक होता : केटलीभर उकळतं पाणी, नळीत नरसाळं, मग कोरडा चिंधा, मग तेल. या काडतुसांत पुण्याचाही वाटा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ अशी अक्षरं, म्हणजे किर्की फॅक्टरी. उरलेल्या साठ्यातून ही काडतुसं परदेशी बाजारात गेली. ओहायो किंवा अल्बर्टामधला एखादा हौशी नेमबाज आजही डब्यातलं काडतूस उलटं करून ‘के. एफ.’ वाचतो आणि मनाशी म्हणतो, हे भारतातलं, गरम पाणी तयार ठेवा. खडकी बाजाराचं नाव त्याने ऐकलेलंही नसतं.

आता त्या लाल स्वेटरवाल्याकडे. कॅनडाच्या सैन्याने १९४७ मध्ये ‘कॅनेडियन रेंजर्स’ ही तुकडी उभी केली. उत्तरेच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर नियमित सैन्य ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिथे राहणाऱ्यांनाच सरकारने एक रायफल, थोडी काडतुसं आणि एक काम दिलं : परकं काही दिसलं तर कळवा, वाट चुकलेल्यांना शोधा, सैनिक आले तर त्यांना बर्फात जगायला शिकवा. आज सुमारे पाच हजार रेंजर आहेत, दोनशेहून अधिक वस्त्यांत. त्यांत तिथले आदिवासी आहेत : इनुइट आहेत, फर्स्ट नेशन्सचे लोक आहेत, मेटी आहेत. रायफल अर्थातच उरलेल्या साठ्यातली ली-एनफिल्ड, ‘नंबर फोर’ हा दुसऱ्या महायुद्धातला नमुना. सरकारच्या मते ती पांढऱ्या अस्वलापासून बचावासाठी. रेंजरने तिने कॅरिबू, म्हणजे तिकडचं रानटी रेनडिअर, मारून घरी नेलं तर सरकारची त्याला ना नव्हती.

नुनावुत या विशाल प्रदेशात २५ वस्त्या आहेत आणि त्यांतली एकही दुसरीला रस्त्याने जोडलेली नाही. माल येतो विमानाने, किंवा उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने. दुकानातल्या भाजीची, मांसाची किंमत पाहून दक्षिणेकडून आलेला माणूस डोळे विस्फारतो. तिथे शिकार ही हौस नाही, जेवणाची सोय आहे. जनावर पडलं की मांस वाटलं जातं, म्हाताऱ्यांच्या, विधवांच्या घरी आधी जातं. हे वाचताना मला कोकणातले वाटे आठवले. डुक्कर पडलं की हाकाऱ्याचा वाटा, नेम धरणाऱ्याचा वाटा, आणि ज्याच्या रानात पडलं त्याचाही.

एवढी जुनी रायफल सत्तर वर्षं टिकली ती थंडीमुळे. शून्याखाली चाळीस अंशांत तेल डिंकासारखं घट्ट होतं आणि नव्या, घट्ट बांधणीच्या स्वयंचलित रायफली अडून बसतात. ली-एनफिल्ड पहिल्या महायुद्धाच्या चिखलातून पार पडलेली, तिच्या भागांमध्ये आधीपासूनच थोडी ढिलाई ठेवलेली. तिचा बोल्ट कोरडा पुसून, तेलाचा थेंबही न ठेवता चालवला तरी चालतो. जाड हातमोज्यांतूनही बोल्टची मूठ पकडता येते. तिकडे रायफल घरात आणायची नाही, हा साधा नियम. बाहेरून ऊबदार खोलीत आणली की थंड धातूवर पाणी जमतं, चष्म्यावर वाफ धरते तसं. ती परत बाहेर नेली की ते पाणी बर्फ होऊन आतली कळ गोठवतं. म्हणून ती ओसरीतल्या गारठ्यातच टांगलेली राहते.

हे नुसतं कॅनडातच नाही. १९४५ मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेतून निघालं तेव्हा माउझर रायफलींचे ढीग मागे राहिले. नॉर्वेजियनांनी त्यांच्या नळ्या बदलून अमेरिकन .३०-०६ काडतुसाला जुळवल्या आणि पुढे कित्येक जणी एल्कच्या शिकारीला गेल्या. हिटलरच्या सैन्याचा गरुड कोरलेल्या पोलादाने नॉर्वेजियन घरात मांस येऊ लागलं. ग्रीनलंडच्या ईशान्येला कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारी डेन्मार्कची ‘सिरियस’ तुकडी अस्वलांसाठी १९१७ च्या अमेरिकन नमुन्याची एनफिल्ड वापरत आली, कारण तीच त्या थंडीत भरवशाची. पण सगळ्याच स्वस्त रायफली मांसाकडे गेल्या असंही नाही. शिकागोच्या एका दुकानातून दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटला टपालाने मागवलेली इटालियन कार्कानो १९६३ मध्ये डॅलसला वापरली गेली आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मेला. १९६८ च्या कायद्याने टपालाने रायफली विकणं आणि बाहेरच्या देशांतून लष्करी रायफली आणणं बंद झालं. जुन्या रायफलींची दारं नंतर थोडी किलकिली झाली.

आता मुळातला प्रश्न. हेच हत्यार आपल्याकडे लोकांच्या हाती का आलं नाही?

उत्तर कायद्यात आहे. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळचा. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट. सुरुवातीच्या काँग्रेसने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले, टिळकांनी त्यावर लिहिलं. पण परवाना मिळाला तरी .३०३ मिळत नसे. सैन्याच्या काडतुसाची रायफल लोकांच्या हाती असू नये, कारण उद्या सैन्याचाच दारूगोळा चोरून ती सैन्यावर उलटेल. म्हणून इंग्रज कारखानदारांनी हिंदुस्थानासाठी वेगळं माप काढलं, .३१५. बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी अगदी ली-एनफिल्डच्या धर्तीवर .३१५ रायफल बनवून इथल्या शिकाऱ्यांना विकायची. आणि .३१५ चं काडतूस कुठलं? ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं. म्हणजे परक्या सैन्याचं काडतूस चालेल, आपल्या राजाच्या सैन्याचं नाही. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये मारला तो .२७५ रिग्बीने, आणि ते काडतूस बोअर लोकांनी इंग्रजांवरच झाडलेलं जर्मन माउझरचं. शिकाऱ्याच्या हाती लष्करी काडतूस पोचलंच, फक्त शत्रूचं.

अविश्वासाची परिसीमा म्हणजे .४१० मस्केट. पोलीस आणि तुरुंगरक्षक यांना रायफल तर द्यायची, पण ती रायफल असू द्यायची नाही. ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्डची नळी आतून गुळगुळीत केली, मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा ठोकला म्हणजे एका वेळी एकच बार, आणि .३०३ च्याच पितळी काडतुसाची मान न आवळता त्यात एक गोळी किंवा छर्रे भरले. दिसायला तीच रायफल, कामाला ठासणीच्या वरचढ म्हणावी एवढीच. या मस्केटी पुढे भंगारात निघाल्या आणि अमेरिकेत गेल्या. तिकडच्या कारागिरांनी त्यांचा कोठा थोडा वाढवून बाजारातलं साधं .४१० छऱ्याचं काडतूस बसेल असं केलं. सत्तावनची धास्ती न गेलेल्या सरकारने ज्या बंदुकीला पंगू केलं, ती टेनेसीतल्या एखाद्या बापाने पोराच्या हाती ससे आणि खारी मारायला दिली.

ईशापूरच्या आणखी एका रायफलीची गत अशीच. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारताने ली-एनफिल्ड ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाला जुळवून काढली, बारा गोळ्यांच्या मॅगझिनसह. आपल्या पोलिसांनी ती दशकानुदशकं वागवली. उरलेला साठा अमेरिकेत विकला गेला, तिथल्या कंपन्यांनी नळी तोडून, रंग देऊन त्यांच्या हरणाच्या रायफली केल्या. इथे मात्र आपल्या शेतकऱ्याला तीच रायफल कधी विकली गेली नाही, आणि .३०३ आजही ‘प्रतिबंधित बोअर’ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पोलिसांच्या हाती ही .३०३ दिसली तेव्हा सगळ्या देशाला तिचं वय कळलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला निरोप दिला.

कोकणात उरली ती ठासणीची बंदूक. दारू, चिंधी, छर्रे, गज, पुन्हा चिंधी. पिकाच्या राखणीचा परवाना, चाप ओढल्यावर आधी धूर मग आवाज, आणि डुकराने त्या दोहोंच्या मधे पळून जायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच संपवली आणि ते योग्यच झालं, असं मी म्हणतो. आपली रानं कॅनडाच्या टुंड्रासारखी नाहीत, आणि आपल्या संस्थानिकांनी, साहेबांनी वाघांचं काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. तरीही कायदा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकारीवर बंदी जंगलासाठी आहे. .३०३ वरची बंदी मात्र जंगलासाठी कधीच नव्हती.

कॅनडात आता हा प्रश्न दुसऱ्या रूपात परत आलाय. रशियन आणि चिनी सैन्यातून उतरलेली एसकेएस, अर्ध-स्वयंचलित, स्वस्त, तिथल्या आदिवासी शिकाऱ्यांच्या घराघरात. हल्ल्याची हत्यारं म्हणून बंदी घालायच्या यादीत ती यावी अशी मागणी आहे. २०२२ च्या अखेरीला सरकारने आणलेली एक दुरुस्ती फर्स्ट नेशन्सच्या आणि शिकाऱ्यांच्या विरोधामुळे पुढच्या फेब्रुवारीत मागे घ्यावी लागली. पुढच्या बंदीच्या याद्यांतही एसकेएसला वगळून ठेवलं. शहरातल्या माणसाला त्या रायफलीत युद्ध दिसतं. उत्तरेच्या वस्तीतल्या माणसाला तिच्या जागी घ्यायच्या नव्या रायफलीची किंमत दिसते. दोघांचंही खोटं नाही. पण आपल्या हातातली रायफल सोडून देण्याचा खर्च ज्याच्या माथी पडतो, त्याचं आधी ऐकावं असं मला वाटतं.

रेंजरांची ली-एनफिल्ड २०१८ पासून निवृत्त होऊ लागली. सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवी रायफल फिनलंडच्या टिक्काच्या नमुन्यावर, कॅनडात परवान्याने बनवलेली, दस्ता लालसर लाकडाचा, .३०८ काडतुसाची. जुनी परत घेताना सैन्याने एक सोय ठेवली : ज्या रेंजरकडे बंदुकीचा वैध परवाना आहे, त्याला हवी असेल तर त्याची जुनी रायफल भेट म्हणून ठेवता येईल. अनेकांनी ठेवली. तिच्यावर १९४३ किंवा १९४४ चं साल कोरलेलं असतं आणि लाँग ब्रँचचा शिक्का. ती आता सरकारी नाही, घरची आहे. पण राहते अजून बाहेरच, ओसरीतल्या गारठ्यात.